एवढं सोडलं तर देश शांत आहे

नकाशासमोर उभं राहण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे. मग उजव्या हाताचा पंजा नकाशाच्या वरच्या भागातल्या लाल प्रांतांवर दाबून धरायचे आणि समोर बसलेल्या गुंतवणूकदाराला सांगायचे, “एवढं सोडलं तर देश शांत आहे.”

पंजा रुंद होता. पहिल्या वर्षी तो पुरायचा. दुसऱ्या वर्षी लाल रंग खाली सरकला तेव्हा ते बोटं फाकवून उभे राहू लागले. तिसऱ्या वर्षी डाव्या हाताचीही मदत लागली. दोन्ही हात भिंतीला टेकवून मान मागे वळवून बोलणारा माणूस पोलिसांच्या झडतीला उभा असल्यासारखा दिसतो. हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच नकाशा लहान आकारात छापून आणला. त्यावर पुन्हा एक पंजा पुरला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती सरळ खोटं बोलत नाहीत. हात कुठे ठेवायचा एवढं त्यांना बरोबर कळतं.

त्यांचं नाव मी देत नाही आणि त्या देशाचंही नाही. देश आफ्रिकेत आहे एवढं पुरे. मी त्यांना ‘ते’ म्हणते आहे ते वयामुळे आणि सवयीमुळे. मला ते आवडत नव्हते आणि त्यांना मी आवडत नव्हते. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

आमचं ऑफिस आखातात, अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर होतं. अस्थिर देशांत पैसे घालू पाहणाऱ्या कंपन्यांना आम्ही अहवाल विकायचो. कायदा काय आहे, कर किती, नफा देशाबाहेर काढता येतो का, वीज किती तास असते आणि माणसं पाठवली तर ती सुखरूप राहतील का. त्या देशाचा विभाग त्यांच्याकडे होता. मी मुंबईतल्या एका वर्तमानपत्राच्या अर्थविभागातून इथे आले होते. अहवाल तपासून अंतिम करणं हे माझं काम होतं.

ते मूळचे इस्लामपूरकडचे. आधी यंत्रमाग विकायचे, मग यंत्रमागांचे सुटे भाग, मग इथे येऊन देश विकायला लागले. हे वाक्य माझं नाही. स्वतःची ओळख ते अशीच करून द्यायचे.

त्यांच्या मसुद्यात बंड कधी नसायचं. ‘स्थानिक स्वरूपाच्या घटना’ असायच्या. लष्कराने राष्ट्राध्यक्षाला घरात कोंडलं तेव्हा त्यांनी ‘नेतृत्वपातळीवरील फेरबदल’ लिहिलं. मी ते खोडून ‘लष्करी उठाव’ केलं. त्यांनी परत फेरबदल केलं. मी परत उठाव केलं. त्या फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द चार वेळा आला तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, तुम्ही स्वल्पविराम बघा. देश मी बघतो.”

“देश बघितलात तर उठाव दिसेल.”

“उठाव लिहिला तर क्लायंट पहिल्या पानावरच पळेल. आणि तो पळाला तर तुम्ही स्वल्पविराम कुठे घालणार?”

त्यांचं एक म्हणणं मात्र मी कधी खोडून काढू शकले नाही. ते म्हणायचे, “शांत देशात तुम्हाला कोण बोलावतंय हो? तिथे जागा कधीच भरल्या. इथे जमीन फुकट, दहा वर्षं टॅक्स माफ, ही सगळी सवलत भीतीच्या बदल्यात आहे. भीती गेली की सवलत गेली. म्हणून रिस्क पाहिजेच.” मग आवाज जरा खाली आणून ते पुढचं वाक्य बोलायचे. तेही ठरलेलं होतं. “रिस्क आहे. पण ती आपली नाही.”

त्यांचं घर ऑफिसपासून दोन टॉवर सोडून होतं. एका संक्रांतीला त्यांच्या पत्नीने मला बोलावलं होतं. जेवताना ते त्या देशातल्या बंदराविषयी, मासळीविषयी, तिथल्या माणसांच्या स्वभावाविषयी बोलत होते. कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “बाबा, हॅव यू ॲक्च्युअली बीन देअर?”

“दोनदा. एअरपोर्टच्या हॉटेलात राहिलोय.”

“दॅट्स नॉट देअर, बाबा. दॅट्स ॲन एअरपोर्ट.”

त्यांच्या पत्नीने त्यांच्या पानात गुळाची पोळी वाढली. विषय तिथेच संपला.

त्यांची एक पद्धत मात्र खरोखर चांगली होती. माझा राग बाजूला ठेवून ती सांगायला हवी. दूतावासाची पत्रकं ते वाचायचे नाहीत. रोज सकाळी दहा वाजता ते त्या देशाच्या राजधानीतल्या एका गुजराती दुकानदाराला फोन लावायचे. त्याचं हार्डवेअरचं दुकान मुख्य बाजारात होतं. फोन स्पीकरवर असायचा.

“सेठ, शटर?”

“पूरा ऊपर, साहब.”

एवढंच. शटर पूर्ण वर म्हणजे शहर ठीक आहे. अर्धं वर म्हणजे काहीतरी कानावर आलंय. बंद म्हणजे घरात बसा. वृत्तसंस्थांच्या आधी एक दिवस त्यांना या शटरवरून दोनदा संचारबंदीची कुणकुण लागली होती. दोन्ही वेळा ते माझ्या टेबलाजवळून मुद्दाम सावकाश चालत गेले. “पेपरवाल्यांना उद्या कळेल,” असं हवेत बोलून.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एक कारखाना होता. शीतगृहांच्या भिंतींसाठी लागणारी पॅनेल तिथे बनायची. मालकाला त्या देशात दुसरा कारखाना काढायचा होता. राजधानीपासून चार तासांवरच्या एका गावात सरकारने जमीन देऊ केली होती. पहिली शेड उभारायला इथूनच सहा माणसं जाणार होती. सहाही महाराष्ट्रातली, बहुतेक खेड-मंडणगड भागातली. त्यांना पाठवायचं की नाही हे आमच्या अहवालावर ठरणार होतं.

सादरीकरणासाठी आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून तिथे गेलो. मालक पुढे बसले. ती सहा माणसं निळ्या कपड्यांत मागच्या भिंतीशी उभी राहिली. त्यांचा फोरमन शिर्के, पन्नाशीचा, खेडचा. घड्याळ खिशात गेलं, पंजा वर गेला, वाक्य झालं. मालकांनी मान डोलावली.

मागून शिर्के म्हणाला, “साहेब, एक विचारू? तुमच्या हाताखालनं आमचा रस्ता जातो का?”

दोघं-तिघं हसले. तेही हसले.

“नाही, शिर्के. अर्धा पंजा अंतर आहे.”

“अर्धा पंजा म्हणजे किती किलोमीटर?”

“दीडशे तरी.”

“मग हरकत नाही,” शिर्के म्हणाला. मग माणसांकडे वळून त्याने जे खरं ठरवणारं होतं ते मोठ्याने सांगितलं, “रोजचे पन्नास दिरहम जास्त मिळणार. म्हणजे अकराशे-साडेअकराशे रुपये झाले. कोणाला नाही म्हणायचं असेल तर आत्ता बोला.” कोणी बोललं नाही. एक तरुण वेल्डर तेवढा म्हणाला, “मामा, तिकडे फोनला रेंज असते ना?” त्याचं लग्न ठरलेलं होतं. बाकीच्यांनी त्याला कोपर मारलं.

अहवाल द्यायच्या दिवशी सकाळी नेहमीचा फोन झाला. मी समोरच होते.

“सेठ, शटर?”

“पूरा ऊपर, साहब. फुरसत नहीं है. इतना माल कभी नहीं बिका. गोदाम खाली हो गया.”

त्यांनी फोन ठेवला आणि ‘किरकोळ व्यापारात लक्षणीय तेजी, ग्राहकांच्या विश्वासात वाढ’ असं टाइप केलं. मी म्हणाले, “काय विकलं जातंय ते विचारा.”

“मॅडम, हार्डवेअरच्या दुकानात हार्डवेअर विकलं जातं.”

“तरी विचारा.”

“तुम्ही विचारा. नंबर देऊ?”

त्यांनी नंबर दिला नाही आणि मी मागितला नाही. मी समासात ‘कोणता माल?’ एवढं लिहिलं. दुपारपर्यंत त्यांनी ते काढून टाकलं होतं. चार वाजता अहवाल जायचा होता. तो चार वाजता गेला. तयार करणारे म्हणून त्यांचं नाव, तपासणारी म्हणून माझं.

सहा माणसं पुढच्या आठवड्यात गेली. नवव्या दिवशी सकाळी त्या देशाच्या टीव्हीवर एका लष्करी अधिकाऱ्याने सरकार बरखास्त झाल्याचं वाचून दाखवलं. विमानतळ बंद झाला. सैन्य राजधानीत गुंतलं तशा उत्तरेकडच्या लाल प्रांतांतल्या टोळ्या खाली उतरल्या. शेड उभारायची होती ते गाव आता दोघांच्या मधोमध होतं.

दहा वाजता त्यांनी दुकानाचा फोन लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने स्वतःच फोन केला, सीमेपलीकडच्या देशातून. स्पीकर चालू होता. तो सवयीने लावला गेला होता आणि बंद करायचं त्यांना सुचलं नसावं.

“साहब, मैं तो तीन दिन पहले निकल गया. सब बेच के.”

“क्या बेचा, सेठ?” त्यांनी विचारलं.

“ताले. ताले, पानी के कॅन, रस्सी. सब लोग घर बंद करके जा रहे थे ना. आपको लगा क्या बिक रहा है?”

विभागात तेव्हा आम्ही पाच जण होतो. पाचही जणांनी ऐकलं. त्यांनी “शुक्रिया सेठ” म्हणून फोन ठेवला. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. सहा माणसं तिकडे अडकलेली असताना मला बरं वाटलं होतं, कारण मी बरोबर ठरले होते.

शिर्के रोज दहा वाजता त्यांना फोन करायचा, फक्त तीन मिनिटं, कारण जनरेटरचं डिझेल संपलं होतं आणि सहा जणांत एकच फोन चालू ठेवला होता. तांदूळ आहे. पाणी उकळून पितोय. काल रात्री लांब आवाज झाले. गावातली माणसं आता बघून न बघितल्यासारखं करतात. मालकांनी दूतावासाला पत्र दिलं होतं. दूतावासाने आहात तिथेच राहा असं कळवलं होतं.

सहाव्या दिवशी दुकानदाराने निरोप दिला. त्याच्या मेव्हण्याचा एक ट्रक त्या गावावरून सीमेकडे निघणार होता. सहा माणसं मागे बसू शकत होती. पुढचा ट्रक असेल की नाही ते सांगता येत नव्हतं. त्यांनी ते शिर्केला सांगितलं.

“साहेब, मग काय करू? निघू का थांबू?”

ते नकाशाकडे बघत राहिले. तीन मिनिटांतलं एक मिनिट असंच गेलं.

“साहेब, तुम्ही सांगा. तुम्हाला तिकडचं सगळं माहीत आहे.”

“मला माहीत नाही, शिर्के,” ते म्हणाले. “मला काहीच माहीत नाही.”

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. एरवी मी समाधानाने मान हलवली असती. त्या वेळी मला त्यांचा संताप आला. इतकी वर्षं छातीठोकपणे बोललेल्या या माणसाने खरं बोलायला नेमकी हीच वेळ निवडली होती. तिकडून शिर्के म्हणाला, “बरं. मग आम्ही निघतो,” आणि फोन बंद झाला.

दोन दिवस काही कळलं नाही. ते रोज दहा वाजता फोन समोर ठेवून बसायचे. जेवायला उठायचे नाहीत. कोणी चहा आणून ठेवला तर तो तसाच थंड व्हायचा. तिसऱ्या दिवशी सीमेपलीकडून दुकानदाराचा निरोप आला. ट्रक पोचला. पाच माणसं उतरली.

पाच जण दुबईत परत आल्यावर आमच्या संचालकांनी मला त्यांचे जबाब घ्यायला पाठवलं. ते आपल्या टेबलावरून उठून म्हणाले, मीही येतो. कारखान्यामागच्या कामगारांच्या इमारतीत शिर्के खाटेवर बसला होता. उठला नाही. सांगायला लागला तेव्हा माझ्याकडे बघून सांगत होता.

“मॅडम, नाक्यावर पोरं होती, बंदुका घेऊन. ट्रक थांबवला. एकेकाला इंग्लिशमधे विचारलं, काम काय करतोस. मी फोरमन म्हटलं. हा फिटर म्हणाला. आमच्या त्या पोराने वेल्डर सांगितलं. खरं होतं तेच सांगितलं त्याने. त्याला खाली उतरवला. त्यांना वेल्डरच पाहिजे होता. पिकअपवर बंदूक बसवायला स्टँड जोडावा लागतो ना. बाकीच्यांना म्हणाले, जा.”

मी लिहून घेत होते.

“मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं, हेल्पर सांग म्हणून. माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या डोक्यात आलं असतं का?” हा प्रश्न मला नव्हता.

“शिर्के,” ते म्हणाले, “मी…”

“तुम्ही बोलू नका, साहेब. माहीत नाही असं तुम्हाला आधीच म्हणता आलं असतं. इथे, ह्या कारखान्यात, नकाशा लावला होता तेव्हा.” मग कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे बोट दाखवून तो म्हणाला, “चहा घ्यायचा असला तर घ्या. नसला तर निघा.”

त्यांनी चहा घेतला. उभ्यानेच. कप स्वतः विसळून ठेवला. मग आम्ही निघालो.

यानंतर ते बदलले असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कंपनीला एक निवेदन हवं होतं: अहवाल त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारित होता आणि अखेरचा निर्णय ग्राहकाचा होता. त्याचा मजकूर मी लिहिला. सही त्यांनी केली. मजकुरात एकही चूक नव्हती. सही करताना त्यांनी तो दोनदा वाचला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. “इथे ‘सर्व माहिती’ नको. ‘माहिती’ एवढंच ठेवा.” मी ‘सर्व’ काढलं. आमच्यात एका शब्दावरून भांडण न झाल्याची ती एकच वेळ.

त्यानंतर तीन महिने ते कामावर येत राहिले, अहवाल लिहीत राहिले आणि एका सोमवारी आले नाहीत. राजीनामा ई-मेलने आला होता. दोन टॉवर सोडून असलेलं घर रिकामं झालं. पत्नी आणि मुलगी पुण्याला गेल्याचं कळलं. ते कुठे गेले ते कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्या देशात महिन्याभरात नवं सरकार आलं आणि त्याने गुंतवणूकदारांसाठी करमाफी दहा वर्षांवरून पंधरावर नेली. तो विभाग आता माझ्याकडे आहे.

वेल्डरचा आजपर्यंत पत्ता नाही.

गेल्या हिवाळ्यात जहाजांना इंधन भरून देणाऱ्या धंद्याची माहिती घ्यायला मी फुजैराला गेले होते. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवरून बदली झालेले खलाशी लाँचने धक्क्यावर येतात. तिथे प्रत्येकाचं नाव तपासून त्याला बसमध्ये बसवावं लागतं. यादी हातात घेऊन उभा असलेला माणूस मी पाठीवरून ओळखला नाही. आवाजावरून ओळखला.

मी पुढे गेले. त्यांनी बघितलं.

“मॅडम, इथे रिपोर्ट लागत नाही.”

“सहज आले होते. कसे आहात?”

“कामात आहे.”

एवढं बोलून ते वळले. लाँच लागली होती. लोखंडी शिडीवरून एकेक माणूस बॅग घेऊन वर येत होता. ते नाव घ्यायचे, माणूस हो म्हणायचा, मग ते त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मग खूण करायचे. फिलिपिनो, केरळी, एक रत्नागिरीचा. यादीत अकरा नावं होती. दहा खुणा झाल्या. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. खालून लाँचवाला ओरडला, “यल्ला, खलास?” म्हणजे चला, संपलं का.

“एक यायचा आहे,” ते म्हणाले.

“आ जाएगा साहब, आप लोग बैठो, दूसरी बस में भेज देंगे,” लाँचवाला म्हणाला.

“नाही. एक यायचा आहे.”

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. आत बसलेले खलाशी खिडकीतून त्यांना हाका मारू लागले, कोणाला विमान गाठायचं होतं. त्यांनी वळून बघितलं नाही. ते धक्क्याच्या कडेला गेले, गुडघ्यावर बसले आणि खाली लाँचकडे वाकून त्या अकराव्या माणसाला नावाने हाका मारू लागले.